२०२९, लोणार आणि विकायला काढलेले वावर

मेहकर तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. ते थोडे संक्षिप्त करून देत आहे.

‘माझे सासरे सत्तरीचे आहेत. आमचे आठ एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात सोयाबीन आणि तूर असते. दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या आणि तेव्हापासून मामाजी रात्र रात्र मोबाइल पाहत बसतात. लोणारचा खड्डा महाभारत काळातील अण्वस्त्राने पडला, मोहेंजोदडोही तशाच अस्त्राने जळाले, आणि ती प्रगत संस्कृती जशी बुडाली तशीच आपलीही २०२९च्या एप्रिलमध्ये आकाशातून येणाऱ्या दगडाने बुडणार, असे त्यांना ठामपणे वाटते. लोणारचे पाणी लाल झाले ती पहिली खूण होती, असे ते सांगतात. त्यांनी आता दोन एकर वावर विकायला काढले आहे. गावात येणारा एक माणूस घराच्या ‘कवचा’साठी पैसे घेतो, त्यालाही त्यांनी काही रक्कम दिली आहे. माझी मुलगी दहावी झाली. तिला अकरावीला अमरावतीला पाठवायचे ठरले होते, तर मामाजी म्हणतात, “आता शिकूनशान काय कराचं हाय पोरीले? दुनियाच राह्यत नाही तं!” यजमान वडिलांपुढे बोलत नाहीत. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले आहे, पण मी तोंड उघडले की “तुमच्या पुस्तकात आपल्या पूर्वजांचं काही लिवेलच नाही” असे म्हणून ते विषय संपवतात. यातले काही खरे आहे का? आणि सुनेने हे सासऱ्यांना समजवावे तरी कसे?’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, ते आधी सुटे करू. मामाजींचा विश्वास बदलणे हे एक काम आणि त्या विश्वासापायी वावर, ठेव व मुलीचे शिक्षण हातचे जाऊ न देणे हे दुसरे. पहिल्याला वेळ लागेल आणि कदाचित ते पुरते साधणारही नाही. दुसरे मात्र थांबू शकत नाही. तरीही सुरुवात पहिल्यापासून करतो, कारण मामाजी जे मानतात त्यातला काही भाग खरा आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय ते तुमचे पुढचे वाक्य ऐकून घेणार नाहीत.

आकाशातून दगड पडतात, हे खरे आहे. लोणार हा त्याचाच पुरावा आहे आणि तो तुमच्या घरापासून फार लांब नाही. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा तो खड्डा बेसाल्ट या काळ्या खडकात अशनी आदळून झाला. तिथे गेलात तर काठावरच्या उघड्या खडकाकडे नीट पाहा: दख्खनच्या पठारावर इतरत्र जे थर जवळजवळ आडवे असतात, ते इथे बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात आणि खड्ड्याची कड भोवतालच्या जमिनीहून वीसेक मीटर उंच झालेली दिसते. १९७०च्या दशकाच्या आरंभी तळाशी छिद्रे पाडून भूवैज्ञानिकांनी खडकाचे नमुने काढले, तेव्हा त्यांत मॅस्केलिनाइट ही काच सापडली. खडकातील एका नेहमीच्या खनिजावर हवेच्या दाबाच्या दोन लाख पटींहूनही अधिक दाब क्षणभर आला, तरच ती तयार होते. ज्वालामुखी असा दाब देत नाही.

मामाजी इथे विचारतील, आणि विचारावेच, की अणुबॉम्बही असा दाब देतो, मग अस्त्र का नसेल? प्रश्न रास्त आहे. अणुस्फोटाने खड्डा पडतो आणि खडकावर दाबाच्या खुणाही उमटतात. पण अण्वस्त्र आपल्या मागे आणखी काही टाकून जाते. प्लुटोनियम-२३९चे अर्धे आयुष्य सुमारे २४,१०० वर्षांचे असते, म्हणजे तेवढ्या काळात त्याचा केवळ निम्मा भाग क्षय पावतो. परंपरेने महाभारत युद्धाला पाच हजार वर्षे झाली असे धरले आणि तिथे खरोखर असे अस्त्र फुटले होते असेही क्षणभर मानले, तर त्या प्लुटोनियमचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग आजही लोणारच्या मातीत असायला हवा होता. तो तिथे आढळल्याची कुठलीही नोंद नाही. तेथील काचेच्या बारीक मण्यांत सापडले ते निकेल आणि कोबाल्ट यांचे वाढीव अंश, जे अशनींमध्ये भरपूर असतात. शिवाय वयाचा मुद्दा आहेच. लोणारचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे आणि दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघते. या दोहोंतले अंतर मोठे आहे आणि शास्त्रज्ञ ते लपवत नाहीत, पण कमीतला कमी आकडा धरला तरी युद्धाच्या पाच हजार वर्षांशी त्याचा मेळ बसत नाही.

लाल पाण्याचेही तसेच. जून २०२०मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा त्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासले गेले. उन्हाळ्यात पाणी घटून खारेपणा वाढला की हॅलोआर्किया नावाचे मीठप्रिय सूक्ष्मजीव फोफावतात आणि त्यांच्यातील गुलाबी द्रव्यामुळे पाण्याला रंग येतो. नमुन्यातले हे जीव तळाशी बसले तेव्हा वरचे पाणी निवळलेले दिसले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणारला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्राचा दर्जा मिळाला. ही बातमी मात्र व्हिडिओवाल्यांनी मामाजींपर्यंत पोहोचवलेली दिसत नाही.

मोहेंजोदडोबद्दल थोडक्यात. तिथे चाळीसच्या आसपास सांगाडे सापडले; ते एकाच दिवशी मेलेल्या माणसांचे नाहीत, वेगवेगळ्या काळांतले आहेत, आणि शहर एकाएकी जळाल्याचा थर तिथल्या उत्खननात मिळालेला नाही. त्या हाडांत किरणोत्सार आहे असे सांगणाऱ्यांनी त्याचे मोजमाप कधीही प्रसिद्ध केलेले नाही. भाजलेल्या विटांच्या भिंती आजही पुरुषभर उंच उभ्या आहेत. शहर उडवून देणाऱ्या स्फोटाने त्या तेवढ्या बऱ्या राखल्या, हे कुणाला पटावे?

आता २०२९कडे येऊ, कारण वावर त्याच्यापायी विकले जात आहे. तो दगड खरा आहे. त्याचे नाव अपोफिस, व्यास साडेतीनशे मीटरच्या आसपास, शोध जून २००४मधला. त्या डिसेंबरात, निरीक्षणे थोडी असताना, तो २०२९मध्ये आदळण्याची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती, आणि हाच आकडा आजही व्हिडिओत ‘नासाने दडवलेले सत्य’ म्हणून फिरवला जातो. दडवायचे असते तर तो जाहीर कशाला केला असता, हे कुणी विचारत नाही. पुढच्या निरीक्षणांनी २०२९ची टक्कर लगेच बाद झाली. मार्च २०२१मध्ये रडारने त्याची कक्षा इतकी नेमकी मोजली गेली की २०२९मधील त्याच्या स्थानातील अनिश्चितता शेकडो किलोमीटरांवरून थोड्याच किलोमीटरांवर आली, आणि पुढील निदान शंभर वर्षे त्याचा धोका नाही असे नासाने जाहीर केले. भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९च्या पहाटे तो पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून पुढे जाईल. हे अंतर दूरचित्रवाणीचे उपग्रह जिथे फिरतात त्याहूनही कमी आहे, म्हणून ‘अगदी जवळून जाणार’ ही बातमी खोटी नाही. खोटे आहे ते ‘पडणार’ हे क्रियापद.

मामाजींनी ‘शास्त्रज्ञ चुकतात’ असे म्हटले तर वाद घालू नका. फक्त एवढे विचारा की, दगड येणार ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली? त्याची तारीख, वेळ, आकार हे सगळे त्याच शास्त्रज्ञांच्या मोजणीतून आले आहे. तारीख त्यांची घ्यायची आणि अंतर मात्र व्हिडिओवाल्याचे, हा हिशेब कसा जमतो?

त्याहून मोठा आधार तुमच्या घरातच आहे. मामाजी पंचांग मानत असतील. बहुतेक पंचांगांत गतकली दिलेला असतो, म्हणजे कलियुगाची किती वर्षे सरली त्याचा आकडा. तो पाच हजार सव्वाशेच्या थोडा वर आहे. कलियुगाची एकूण वर्षे परंपरेने ४,३२,००० मानली आहेत. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने प्रलयाची भीती घातली जाते, त्या परंपरेच्याच हिशेबाने अजून चार लाख सव्वीस हजारांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत. ओडिशाचे जुने संतकवी अच्युतानंद दास यांच्या नावावर किंवा १९९६मध्ये वारलेल्या, स्वतः काहीही लिहून न ठेवलेल्या बल्गेरियातील भविष्य सांगणाऱ्या बाबा वांगाच्या नावावर जी वर्षवार भाकिते खपवली जातात, त्यांना या हिशेबात जागा नाही. सुनेने पुस्तक दाखवण्यापेक्षा नातीने आजोबांना पंचांगातला हा आकडा वाचायला सांगावा आणि वजाबाकी त्यांच्याकडूनच करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट त्यांनाच विचारा, आणि ती मनापासून विचारा. सत्तरीच्या माणसाने अशा किती तारखा पाहिल्या? फेब्रुवारी १९६२ची अष्टग्रही त्यांच्या लहानपणी झाली. मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून देशभर यज्ञ झाले होते, आणि त्या दिवसांत सूर्यग्रहण आल्याने धास्ती आणखी वाढली होती. (ग्रहांच्या ओढीचे म्हणाल, तर शुक्र पृथ्वीच्या अगदी जवळ असतानाही समुद्राला जी भरती-ओहोटीची ओढ देतो ती चंद्राच्या तशा ओढीच्या दहा हजाराव्या भागाइतकीही नसते.) ११ जुलै १९७९ला अमेरिकेची स्कायलॅब ही अंतराळ प्रयोगशाळा कोसळली, तेव्हा ते ऐन तारुण्यात असतील. ते दिवस खरिपाचे. आता मरायचेच आहे म्हणून त्या वर्षी तुमच्या आजेसासऱ्यांनी वावर पडीक ठेवले होते का? स्कायलॅबचे तुकडे हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडले. मग ग्रह एका रांगेत येणार म्हणून गाजलेले मे २००० आले आणि २१ डिसेंबर २०१२ही आले, ज्या दिवशी मध्य अमेरिकेतील माया लोकांच्या दीर्घगणना या कालगणनेचे एक आवर्तन पूर्ण झाले एवढेच. त्या लोकांच्याच पालेंके येथील शिलालेखात इसवी सन ४७७२मधल्या प्रसंगाचा उल्लेख आहे. जग २०१२मध्ये बुडणार असे त्यांना वाटत असते तर तो कोरण्याचे श्रम त्यांनी घेतले नसते. तुम्ही या तारखा त्यांच्या तोंडावर फेकल्यात तर तो अपमान होईल. तुम्ही विचारले आणि त्यांनी आठवून सांगितले, तर ती त्यांची स्वतःची साक्ष होईल.

२ एप्रिल २०२२ची संध्याकाळ तर तुम्हालाही आठवत असेल. विदर्भाच्या आकाशातून जळती रेषा गेली आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरीला सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. त्या रात्री उल्का, क्षेपणास्त्र, परग्रहावरचे यान असे सगळे बोलून झाले. निष्कर्ष निघाला तो चीनच्या अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे अवशेष असा. वरून काही पडले तर त्याची नोंद होते, वस्तू ताब्यात घेतली जाते, तपासली जाते. त्यात गूढ असे फार काळ उरत नाही.

आता ‘पूर्वजांचे तुमच्या पुस्तकात काही नाही’ या वाक्याबद्दल. मला हे वाक्य फार महत्त्वाचे वाटते, कारण या सगळ्या व्हिडिओंचा खरा गुळ तोच आहे. माणसाला आपले पूर्वज थोर होते असे वाटायला हवे असते, त्यात गैर काही नाही. गैर आहे ते खऱ्या थोरवीच्या जागी बनावट थोरवी विकणे. नागपूरजवळ जुनापाणीला मोठमोठ्या दगडांची शेकडो वर्तुळे आहेत. ती परग्रहवासीयांच्या यानांची नव्हेत, लोहयुगातील माणसांनी आपल्या मृतांसाठी रचलेली स्मारके आहेत. माहुरझरीच्या उत्खननात माणसांसोबत पुरलेले घोडे आणि त्यांचे तांब्याचे दागिने मिळाले. तिथे मौल्यवान दगडांचे मणी घडवले जात होते. पेंच नदीकाठच्या नायकुंडला इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमाराची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. पावणेतीन हजार वर्षांपूर्वी आपल्या विदर्भातला माणूस खनिज निवडत होता, भट्टीचा ताव सांभाळत होता, कुऱ्हाडी आणि घोड्यांचे लगाम घडवत होता. हे सगळे पुस्तकांत आहे. पुराव्यानिशी आहे. ते सोडून ‘हे काम माणसाचे असूच शकत नाही’ म्हणणारा माणूस आपल्या पूर्वजांचा गौरव करत नाही, त्यांच्या हातचे श्रेय काढून घेतो. विमानविद्येच्या प्राचीन म्हणवल्या जाणाऱ्या ग्रंथाचे नाव मामाजींच्या बोलण्यात आलेच, तर हेही लक्षात असू द्या की तो मजकूर विसाव्या शतकाच्या आरंभी सांगून लिहवला गेला आणि १९७४मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी तपासून त्यातील विमाने उडू शकत नाहीत असे दाखवले. वेरूळला जाणे झाले, तर कैलास लेण्याच्या भिंतीवरील छिन्नीचे घाव त्यांना बोटाने चाचपू द्या.

हे सगळे कुणी सांगायचे? तुम्ही नाही, निदान आधी नाही. वावराच्या व्यवहारात सुनेने बोललेले अनेक घरांत ‘हिला हिस्सा हवा’ असेच ऐकले जाते, आणि मग दगड बाजूला राहून भांडण तुमच्यावर येते. यजमान वडिलांपुढे बोलत नसतील, तर त्यांना वाद घालायला सांगू नका. एवढेच म्हणायला सांगा की, ‘बाबा, तुमचे खरे असू द्या, पण वावर २०२९च्या मे महिन्यानंतर विकू.’ या वाक्याला मामाजींकडे उत्तर नाही. जग बुडणारच असेल तर विक्रीच्या पैशाचे ते काय करणार, आणि घेणारा तो सातबारा कुठे नेणार? विक्री, ठेव मोडणे, कर्ज काढणे अशा न फिरणाऱ्या गोष्टी पुढे ढकलायच्या आणि पूजा, जप, उपवास अशा कुणाचे काही न बिघडवणाऱ्या गोष्टींना आडवे यायचे नाही. इसार घेतलेला आहे का, हे आजच विचारून घ्या. घेतला असेल तर इसारचिठ्ठी आणि सातबारा घेऊन वकिलाकडे जा. वावर वडिलोपार्जित असल्यास त्यात इतरांचेही हक्क असू शकतात. महिलांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत कायदेशीर मदत मिळते, तालुक्याच्या न्यायालयात चौकशी करा.

कवचवाल्या माणसाचा विषय वेगळा आहे आणि त्याच्याबाबत मला इतके मवाळ राहता येत नाही. भीती घालून पैसे घेणारा माणूस मामाजींसारखा भाबडा नसतो. त्याला घरी बोलावून, चारचौघांदेखत, दिलेल्या रकमेची सही केलेली पावती मागा आणि १५ एप्रिल २०२९ला जग जागेवर असेल तर रक्कम परत करीन असे मुद्रांकावर लिहून मागा. तो पुन्हा गावात फिरकला नाही तर प्रश्न सुटला. फिरकला आणि चमत्काराचा दावा करून आणखी पैसे मागू लागला, तर महाराष्ट्राच्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. ती यजमानांनी करावी आणि सोबत पोलीस पाटलांना न्यावे.

शेवटी मामाजींच्या रात्रींबद्दल, जे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. सासूबाई गेल्या आणि मग जागरण सुरू झाले, हा क्रम मला दगडापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्याचे स्वतःचे जग एकदा मोडले आहे, त्याला सगळ्यांचे जग मोडणार ही बातमी खरी वाटणे अगदी स्वाभाविक आहे. ते जेवत नसतील, झोपत नसतील, ‘आता कशाला’ अशी भाषा वारंवार येत असेल, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात त्यांना नेऊन आणा. ‘झोपेसाठी डॉक्टरांना दाखवू’ एवढे सांगितले तरी पुरे आणि ते खोटेही नाही. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर दिवसरात्र मोफत सल्ला मिळतो, मराठीतही बोलता येते. आधी तुम्ही स्वतः बोलून घ्या. मोबाइल हिसकावू नका. नातीला सांगून त्यांच्या फोनवर प्रलयाचे व्हिडिओ ‘नको’ करून घ्या आणि कीर्तने, भजने, बाजारभाव, हवामान असे त्यांच्या आवडीचे शोधून लावून द्या. चार दिवसांत फोन तेच दाखवू लागेल. संध्याकाळी कुणीतरी त्यांच्याजवळ बसत जा.

मुलीच्या प्रवेशाचे अर्ज ठरलेल्या मुदतीत भरा, त्यासाठी घरातील वाद मिटण्याची वाट पाहू नका. आणि हे उत्तर मामाजींच्या हाती देऊ नका. घरातली गोष्ट सुनेने चारचौघांत मांडली असे त्यांना वाटले, तर यातले एकही वाक्य त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. यजमानांना वाचायला द्या आणि कोणता मुद्दा कोणत्या दिवशी काढायचा, हे त्यांच्यावर सोडा.